रामजन्माआधीचं ऊन

या, असे पुढं सरका. दाराशी बसलात तर रस्त्याचा गलका ऐकत बसाल. बुवांचा फेटा अजून बांधून व्हायचाय, टाळकरी चहाला गेलेत, तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगते. रामाची आहे म्हणाल तर रामाची, नाहीतर एका मांजरपाटाच्या कापडाची. पण डोळ्यांनी पाहिलेली आहे, ऐकीव नव्हे.

चैत्रातली दुपार होती. कृष्णा आटून खालच्या पायऱ्यांवर आली होती. आमची नलिनीवहिनी घाटावर रंगवायची फळकुटं मांडीवर घेऊन बसली होती आणि डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होती. सोबतीला मी. सुनेनं एकटीनं घाटावर बसायचं नाही, आणि मी तर घरातच होते. माझं लग्न काही जमलं नव्हतं, देवळातल्या कीर्तनाला पेटीची साथ करणं हाच माझा संसार.

"वन्सं, त्या नावेची सावली कसल्या रंगाची आहे?" वहिनीनं विचारलं.

"सावलीला कसला आलाय रंग? काळी."

"नीट बघा."

मी बघितलं. जन्मापासून ती नदी बघत आले होते, तरी त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्यासारखं वाटलं. सावली जांभळट होती. कडेला हिरवी. मधे एक पिवळा तुकडा येत होता आणि मोडत होता.

"अगंबाई," मी म्हटलं, "काळं कुठंच नाही की."

"म्हणून तर माझ्या रंगांच्या पेटीत काळा नाही," वहिनी म्हणाली आणि भराभरा ठिपके देऊ लागली. जांभळ्याशेजारी हिरवा, हिरव्याशेजारी पिवळा. कालवत नव्हती, नुसते शेजारी ठेवत होती. मला वाटलं, पोर घाईत आहे म्हणून असं करते.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते. आमच्या गावच्या राममंदिरात एक रीत होती. नवमीला सकाळी कीर्तन उभं राहायचं ते दुपारी बारापर्यंत, रामजन्मापर्यंत. पाळणा आत गाभाऱ्यात सजवलेला, आणि बुवांच्या पाठीमागं, गाभाऱ्याच्या दारावर, चित्राचा मोठा पडदा. बुवांनी जन्माचा पुकारा केला की पडदा सरकायचा आणि पाळणा दिसायचा. पडदा दरवर्षी एका घरानं द्यायचा. बहुतेक घरं सांगलीच्या कुणा रंगाऱ्याकडून रंगवून घेत. अयोध्येचा राजवाडा, त्याची खिडकीन् खिडकी, आणि मधोमध धनुष्य घेतलेला राम.

त्या साली पाळी आमची होती. दादा मुंबईच्या कलाशाळेत शिकलेली बायको करून आला होता, त्याला दोन वर्षं झाली होती. दादा म्हणाला, "आई, रंगारी कशाला? नलिनी काढील."

आईनं आधी ऐकून घेतलंच नाही. बाबा गेल्यापासून घर तिच्या शब्दावर चालायचं. सुनेची रंगांची पेटी तिला पहिल्या दिवसापासून खुपत होती. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. एकदा काय तो सोक्षमोक्ष होऊ दे. पडदा देवळात लागला तर लागला. नाही लागला, तर नलिनी, ती पेटी माळ्यावर जाईल आणि परत खाली यायची नाही. कबूल?"

"कबूल," वहिनी म्हणाली. हे ती इतकं हळू म्हणाली की मलाच भीती वाटली.

तर म्हणून आम्ही रोज दुपारी घाटावर. जन्म दुपारचा, तर ऊनही दुपारचंच हवं असा वहिनीचा हट्ट. ऊन कललं की ती ब्रश पुसायची.

"अगं, अजून अर्धं राहिलंय," मी म्हणायची.

"आता हे ऊन वेगळं झालं, वन्सं. उद्या."

घाटावरच्या बायकांना करमणूक झाली. परटीण तुळसा रोज विचारायची, "सूनबाई, आमची नदी रंगवून झाली का? का अजून एक हात बाकी हाय?" वहिनी हसायची. खालच्या पायरीवर आई असायची. नैवेद्य झाला की आपलं सोवळ्याचं धुणं ती स्वतःच घाटावर आणायची, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. आमच्याकडे पाठ करून बसायची. आम्हाला ओळख दाखवायची नाही.

एकदा मी वहिनीला विचारलं, "हे असं तुटक तुटक काढायला कुणी शिकवलं तुला?"

तिनं मग फ्रान्समधल्या चित्रकारांची गोष्ट सांगितली. शंभरेक वर्षांपूर्वीची. तोवरची मोठी चित्रं म्हणे बंद खोलीत काढायची. राजे, लढाया, देवदेवता, आणि वर इतका गुळगुळीत हात फिरवायचा की ब्रशाचा माग दिसू नये. ही माणसं रंगाच्या नळ्या पिशवीत टाकून उघड्यावर गेली. नदीकाठी, शेतात, आगगाडीच्या स्टेशनात. धुणं धुणाऱ्या बाया, गवताच्या गंजी, पाण्यातली कमळं, जे समोर असेल ते.

"त्यात काय काढायचं?"

"तेच लोकांनी विचारलं. सरकारी प्रदर्शनात घेतली नाहीत त्यांची चित्रं. वर्तमानपत्रवाले हसले. एकानं चेष्टेनं नाव ठेवलं, तेच पुढं चिकटलं. आमचे सर त्यांना दृक्प्रत्ययवादी म्हणायचे."

"बाई गं, केवढा शब्द."

"शब्द मोठा आहे, गोष्ट साधी आहे." तिनं ब्रश खाली ठेवला. "झाड कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते आत्ता, या उन्हात, या क्षणी कसं दिसलं, एवढंच काढायचं. पुढच्या क्षणी ते तसं नसतं. त्यांच्यातला एक तर एकाच देवळाची चित्रं काढत बसला. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, धुक्यातलं वेगळं. देऊळ तेच."

हे मला लगेच पटलं. एकच अभंग बुवा सकाळी एका रागात म्हणतात, रात्री दुसऱ्या. शब्द तेच, पण सकाळी ऐकून आपण कामाला लागतो आणि रात्री ऐकून डोळे पुसतो.

"आणि हे ठिपके?"

"ते मी अर्धेच जोडते. उरलेले बघणाऱ्यानं जोडायचे."

हेही मला पटलं. चांगला कीर्तनकार सगळं सांगत नाही. वनवासाला निघालेल्या रामाचं वर्णन करता करता आमचे खांबेटेबुवा नुसता हात दाराकडे करायचे आणि गप्प व्हायचे. त्या गप्प होण्यात कौसल्या रडताना दिसायची.

घाटावरच्या त्या फळकुटांवरून वहिनीनं पडदा रंगवला आमच्या माडीवर. मांजरपाट ताणून, पुडीचे रंग सरसात कालवून. दार लावून घ्यायची. मलाही आत घेतलं नाही.

अष्टमीच्या सकाळी पडदा देवळात नेला. सभामंडपात फरशीवर अंथरला. वहिवाटदार तात्या फणसळकर आले, चष्मा पुसून घेतला, आणि पडद्याच्या कडेनं ओणवे होऊन फिरू लागले. मागं चार पंच. एका बाजूला आई, पदर खांद्यावर ओढून, ताठ.

"हे काय आहे?" तात्या म्हणाले.

"नदी आहे," वहिनी म्हणाली.

"नदी? मला वाटलं रंगपंचमीचं अंगण." पंच हसले. "आणि हे तीन फटकारे?"

"बायका आहेत. घाटावरच्या."

"नाक नाही, डोळे नाहीत. आमची म्हैस शेपूट रंगात बुडवून याहून बरं काढील." तात्यांनी वर बघितलं. "राजवाडा नाही तर नाही. पण सूनबाई, रामनवमीचा पडदा आहे हा. यात राम कुठं आहे?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "राम उद्या बारा वाजता जन्मायचा आहे."

तिनं उर्मटपणे म्हटलं नव्हतं, मी शेजारी होते. पण तसं ते लागलं खरं. तात्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे काय?" ते म्हणाले.

"जन्माआधी पडद्यावर राम असेल, तर मग बारा वाजता जन्मतो कोण? म्हणून मी नुसतं ऊन काढलं. वाट बघणारं."

"काकू," तात्या आईकडे वळले, "सूनबाईंनी आम्हाला कीर्तन सांगितलं. आभारी आहे. उद्या जुनाच पडदा लागेल. गुंडाळा हे."

आईनं मान खाली घातली आणि घराची वाट धरली. घरी चपला काढता काढता मला म्हणाली, "गोदे, शिडी आण. पेटी वर टाकू. आणि नलिनी, त्या कापडाचा रंग धुऊन काढ. आंब्याची आढी घालायचीय, झाकायला होईल."

सरसाचा रंग तो, पाण्यात घातला की संपला. दादा पेढीवर गेला होता. असता तरी आईपुढं काय बोलणार होता? वहिनी रडली नाही. तिनं ब्रश साबणानं धुतले, फडक्यात गुंडाळले, पेटीत ओळीनं ठेवले आणि कडी घातली. मग पडदा परसात नेला. मी म्हटलं, "वहिनी, मी बोलते आईशी." ती म्हणाली, "शब्द दिलाय, वन्सं." तिनं पडदा धुण्याच्या तारेवर टाकला, चिमटे लावले आणि रहाटाकडे गेली पाणी ओढायला.

आमचं परस लांबलचक. स्वयंपाकघराचं मागचं दार एका टोकाला, तार दुसऱ्या टोकाला, मधे केळी आणि विहीर. मी दारात बसून शेंगा सोलत होते. नैवेद्य झाला, आई चुलीपुढून उठली, धुण्याची बादली घेऊन दारात आली, आणि थांबली.

आमचं स्वयंपाकघर अंधारं. तिथून बाहेर आलं की ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून आईनं हात कपाळाशी धरला. असा. मी वर बघितलं तर वर छपराची सावली. दारात ऊन नव्हतंच. आई त्या पडद्यातल्या उन्हापासून डोळे झाकत होती.

मीही मग तिकडं बघितलं. देवाशपथ सांगते, फरशीवर जो राडा होता तो कुठं गेला कळेना. नदी होती. भर दुपारची, आमची. पाणी हलत होतं. पायऱ्यांचे दगड इतके तापलेले की पाय ठेववणार नाही. पलीकडच्या काठाची झाडं उन्हात विरघळत चाललेली. कुठं एक रेघ नव्हती, आणि काही चुकलेलं नव्हतं. झाडांखालच्या जांभळ्या सावलीत जाऊन बसावंसं वाटलं.

"नलिनी," आईनं हाक मारली.

वहिनी दोर हातात धरून वळली. पोहरा अर्ध्यावर.

"ती खालच्या पायरीवरची कोण?"

वहिनीनं नजर पोहऱ्याकडे वळवली.

"मी विचारतेय."

"तुम्ही, आई."

आई बादली ठेवून केळींमधून चालत गेली, पडद्याजवळ. नाक लागेल इतकी जवळ. तिथं दोन फटकारे होते. एक विटक्या लाल लुगड्याचा, एक पाठीचा. तिनं हात लावायला नेला, पण लावला नाही. परत दारापर्यंत मागं आली. परत बघितलं.

"तोंड नाही काढलंस," ती म्हणाली.

"दिसत नव्हतं. तुम्ही पाण्याकडे वाकला होतात."

"तोंड नाही, हात नाहीत. मग मला मी ओळखू कशी आले?"

आईची नजर पाठीच्या त्या फटकाऱ्यावर गेली.

"इतकी वाकले होय गं मी?" आई म्हणाली.

"पिळताना वाकला होतात. नंतर लगेच उभ्या राहिलात. पण मला तेवढाच क्षण मिळाला."

तुळसा परटीण कुंपणापलीकडून जाता जाता थबकली नि म्हणाली, "काकू, घाट आज परसात आणलाया व्हय?" आईनं तिच्याकडे बघितलंही नाही.

"पोहरा सोड विहिरीत," ती वहिनीला म्हणाली. "आणि चिमटे काढ. गोदे, तू एक टोक धर."

तात्या फणसळकर जेवून ओसरीवर पानाला चुना लावत होते. आई दारातूनच म्हणाली, "तात्या, देवळात चला."

"काकू, आता या उन्हाचं?"

"याच उन्हाचं."

देवळात आम्ही पडदा गाभाऱ्याच्या दारावर कड्यांत अडकवला. तात्या सवयीनं पुढं सरसावले, चष्मा नाकावर घेऊन. आईनं वाट अडवली.

"तिकडं नाही. उंबऱ्याशी उभे राहा. दाराशी."

"का बरं?"

"उद्या लोक कुठं बसणार आहेत? सगळं गाव दूर बसतं, तात्या. ओणवे होऊन बघणारे तुम्ही एकटे."

तात्या कुरकुरत उंबऱ्याशी गेले. वळले. मग खांद्यावरचं उपरणं त्यांनी गळ्याभोवती ओढून घेतलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. पाण्यावरनं वारा आल्यासारखा वाटला." त्यांचं त्यांनाच ते चमत्कारिक वाटलं असावं. खाकरून म्हणाले, "पण काकू, राम नाही यात. लोक विचारतील."

"सांगा, उद्या बारा वाजता जन्मायचाय. उगाच का वाट बघतोय आपण सगळे?"

आई हे म्हणाली. सकाळी जे सुनेच्या तोंडून ऐकून तिची मान खाली गेली होती, तेच. तात्या म्हणाले, "कड्या घट्ट लावा. दुपारचा वारा येतो इथं."

नवमीला खांबेटेबुवा उभे राहिले. मी पेटीवर, त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे पडदा माझ्या इतका जवळ की मला नुसते ठिपकेच दिसत होते. म्हणून मी लोकांची तोंडं बघत होते. आधी कुजबुज झाली. कुणी म्हणालं, यंदा राजवाडा नाही वाटतं. मग हळूहळू ती थांबली. सभामंडपाच्या झरोक्यांतून बाहेरचं ऊन आत येत होतं आणि पडद्यावरच्या उन्हाला मिळत होतं. म्हातारी माणसं हलेनात. एक तान्हं पोर आईच्या खांद्यावरून पडद्याकडे हात करत होतं.

बुवा आख्यानात दशरथाच्या घरापर्यंत आले. आता शरयूचं वर्णन यायचं, ते त्यांच्या हातचं, दरवर्षी नवं करायचे. "शरयूच्या तीरी," त्यांनी सुरुवात केली, आणि हात मागं दाखवायला वळले. आदल्या रात्री उशिरा मुक्कामाला आले होते, पडदा त्यांनी नीट पाहिलाच नव्हता. मागं सरकत सरकत ते पार लोकांच्या पहिल्या ओळीपर्यंत आले. तिथून बघत राहिले.

चिपळ्या थांबल्या. मी सूर धरून ठेवला. बुवा वर्णन करीनात. टाळकरी माझ्याकडे बघू लागले. मग बुवा लोकांकडे वळले आणि एवढंच म्हणाले, "मायबाप, शरयू तुम्ही पाहताच आहात. मी मधे बोलत नाही."

आणि बाराचा टोल पडेपर्यंत नुसतं नाम चाललं. त्या नामाची साथ करताना माझी बोटं कधी इतकी हलकी झाली नव्हती. पुकारा झाला, पडदा सरकला, गुलाल उडाला, बायका पाळण्याकडे धावल्या. पाळण्याला पहिला हात लावायचा मान आमच्या आईचा, वर्षानुवर्षांचा. पुढची जागा तिच्यासाठी राखलेली असायची. त्या दिवशी ती जागा रिकामी होती. बायका "काकू कुठं, काकू कुठं" करू लागल्या.

आई अगदी मागं होती. उंबऱ्याशी, भिंतीला टेकून. वहिनीला शेजारी बसवून घेतलं होतं. पहिल्यापासून दोघी तिथंच बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी सुंठवडा घेऊन गेले तेव्हा आई वहिनीला विचारत होती, "पण नलिनी, पहाटेचं ऊन कसल्या रंगाचं असतं गं? मी उठते तेव्हा अंधार असतो, आणि मग चुलीपुढं. मला कधी बघायलाच मिळालं नाही."

वहिनी म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी पहाटे, घरात चूल पेटायच्या आधी, सासू-सुना घाटावर गेल्या. पेटी आईच्या हातात होती. दादाला चहा मी करून दिला.

पुढं वहिनीचं नाव झालं. पुण्या-मुंबईला तिच्या चित्रांची प्रदर्शनं भरली. त्यानंतर कुणी नवा पडदा दिला नाही, तोच पुष्कळ वर्षं लागत होता, मग सरस सुटला, रंग झडले. कापडच ते. आई त्याआधीच गेली. एकदा शेवटच्या आजारात मी तिचे पाय चेपत बसले होते. मी विचारलं, "आई, त्या दिवशी परसात तुला काय झालं होतं?" ती म्हणाली, "काही नाही गं. तुझे वडील गेल्यापासून माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं असेल असं मला वाटलं नव्हतं."

हां, बुवांचा फेटा झाला वाटतं, वीणा जुळतेय. उठते आता. वहिनीची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, तिची चित्रं आहेत. खांबेटेबुवांची आठवण त्यांचे शिष्य काढतात. आमच्या आईला मात्र सगळं गाव नुसतं काकू म्हणायचं, तिचं नाव आता माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. द्वारका. कधी दुपारी नदीवर गेलात आणि कुणी बाई धुणं पिळताना दिसली, तर तिची तेवढी आठवण करा.